पोस्टकार्डाची जाडी

अण्णांनी ती सीडी जेवणाच्या डब्यातून आणली. तीन कप्प्यांच्या डब्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, स्वतःच्या हातरुमालात गुंडाळून. रोजच्यासारखा मी डबा घासायला घेतला, तर रुमालातून एक चकचकीत तबकडी निघाली. तिला लसणाच्या चटणीचा वास येत होता. "तिला पाणी लावू नको," अण्णा दारात बूट काढता काढता म्हणाले. "अख्खी लायब्ररी हाय म्हणतात त्यात." मी ती उलटीसुलटी करून पाहिली. त्यात आधी माझा चेहरा दिसला आणि मग आमच्या खोलीचा पत्रा. एवढ्याशा गोष्टीत लायब्ररी कशी मावते हे मला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असूनही नीट सांगता आलं नसतं, पण ओले हात ओढणीला पुसून मी ती परत रुमालात गुंडाळून ठेवली, एवढं आठवतं.

चाकणजवळच्या कुरुळीला आम्ही नानांच्या चाळीत राहत होतो. नाना म्हणजे घरमालक, मूळचे गावातलेच शेतकरी. कांद्याच्या वावरात त्यांनी ओळीनं दहा खोल्या बांधल्या आणि कंपन्यांत येणाऱ्यांना भाड्यानं दिल्या. आम्ही लातूरकडचे. पहाटे पाचला आई भाकरी थापायला बसायची आणि त्याच सुमारास रस्त्यापलीकडच्या शेडमधल्या प्रेस सुरू व्हायच्या. आत थप थप, बाहेर धप्प धप्प. माठातल्या पाण्यावर दिवसभर बारीक वळ्या उमटत. गावाकडून पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना त्या आवाजानं झोप लागत नसे, आणि गुरुवारी आम्हाला लागत नसे, कारण गुरुवारी इकडच्या कंपन्यांना सुट्टी आणि सगळं शांत. गुरुवार हाच आमचा रविवार. त्यात आईचा गुरुवारचा उपवास. त्यामुळे बाकीच्यांच्या लहानपणच्या सुट्टीला मटणाच्या रश्श्याचा वास असेल, माझ्या सुट्टीला साबुदाण्याच्या खिचडीचा आहे.

अण्णा त्या शेडमध्ये सेटर होते. सेटर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रेसमध्ये पोलादाचा एक साचा वर असतो, एक खाली. मधे सपाट पत्रा ठेवायचा, वरचा साचा दणकन खाली आला की पत्र्याचा ब्रॅकेट झाला. हे दोन साचे बसवणारा, एकमेकांशी जुळवणारा माणूस तो सेटर. साचा केसभर खाली वाटला तर त्याच्याखाली पातळ पट्टी सारून उंची भरतात, तिला शिम म्हणतात. किती सारायची हे ज्याला कळलं तो सेटर, ज्याला नाही कळलं तो बटण दाबणारा. अण्णा दहावी नापास, पण अठरा वर्षं सेटर. खोलीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे की आता तीन नंबरच्या प्रेसवर कुठला साचा चढलाय.

सेटर लोकांची एक रीत होती. प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी, आणि ती कुणाला म्हणजे कुणाला दाखवायची नाही. कुठल्या साच्याखाली काय सारायचं ते त्यात लिहिलेलं. तेही मिलिमीटरमध्ये नाही. कुठल्याही शेडमध्ये सहज मिळतील अशा दोन वस्तू त्यांनी माप म्हणून धरल्या होत्या, पोस्टकार्ड आणि करवतीचं पातं. म्हणजे डायरीत असायचं, 'मोठा ब्रॅकेट, डावीकडे तीन कार्डं, उजवीकडे एक पातं'. शेजारच्या खोलीतले गायकवाडकाका, तेही सेटर, अण्णांचे जिवलग. पण दोघांनी एकमेकांची डायरी कधी पाहिली नव्हती. काका म्हणायचे, "माझी डायरी माझ्यासोबत वर जाणार. तिथं प्रेस असली तर कामाला येईल."

आणि त्या सीडीच्या दिवशी अण्णांनी सांगितलं की कंपनीत नवा नियम आलाय. ट्रेनिंगच्या खोलीत एक कॉम्प्युटर बसवलाय, दारावर 'ई-लायब्ररी' अशी पाटी लावलीय, आणि त्यात जे आहे त्यावर दोन महिन्यांनी परीक्षा. आधी कॉम्प्युटरवर प्रश्न, मग प्रत्यक्ष साचा लावून दाखवायचा. कागद, कार्ड, पातं सगळं बंद, फक्त मोजलेली पोलादी शिम. पास होईल तो सेटर राहील, नापास होईल त्याला पॅकिंगला पाठवणार. सगळं इंग्रजीत. ट्रेनिंगचे पाठक साहेब ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, चांगल्या मनाचे. ज्याला पाहिजे त्याला ते सीडीची नक्कल करून देत होते. बाकीच्या कुणी घेतली नाही. अण्णांनी घेतली आणि डब्यात ठेवली, कारण सीडी हातात घेऊन गेटमधून बाहेर पडायची त्यांना लाज वाटली.

आता कॉम्प्युटर कुठला? नानांच्या मुलानं रस्त्याकडेला सायबर कॅफे काढला होता. दोन कॉम्प्युटर घेतले, आठ दिवसांत त्याचं मन उडालं आणि तो जागांच्या व्यवहारात शिरला. तेव्हापासून नाना तिथे पेपर वाचत बसायचे, पंखा चालू असतो म्हणून. मी सीडी पुढे केली तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिनेमा हाय का?" मी म्हटलं, प्रेसचा अभ्यास आहे. "मंग बस. पण लाइट गेली आन् ती पेटी पीं पीं कराया लागली का लगेच बंद करायचं. न्हाईतर पोरगं मला वरडतं." ती पेटी म्हणजे बॅटरी. नाना तिच्यावर दुभत्या म्हशीवर ठेवावं तसं लक्ष ठेवायचे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं तिथे होतो. मी माऊसवर, अण्णा माझ्यामागे उभे, नाना पेपरमागे. धडे उघडत गेले, चित्रं, तक्ते, आणि मग एका ठिकाणी त्रिकोणाचं बटण होतं, ते मी दाबलं. पडद्यावर एक साचा आला, मधोमध चिरलेला, पेरू कापल्यावर दिसतो तसा. वरचा भाग सावकाश खाली येऊ लागला. पत्रा वाकला, कोपऱ्याशी ताणला गेला, तिथे त्याचा रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल झाला, आणि दोन्ही साचे मिटले. अण्णांचा श्वास मला मानेवर जाणवला. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. "परत." सातव्यांदा लावल्यावर ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. "सुरे, अठरा वर्षं मी बंद दाराला कान लावून उभा हाय. आत काय चालतं ते आज बघितलं." मग त्यांनी पडद्यावरच्या त्या लाल कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथंच फाटतंय. मला माहीत होतं इथंच फाटतंय." नानासुद्धा पेपर खाली ठेवून उठून आले. दोन वेळा बघून म्हणाले, "लय भारी. ह्याच्यात आमचा सातबारा बघाया मिळंल का?"

मी आज चाकणच्या एका कंपनीत प्रशिक्षण विभाग सांभाळते. आमच्या डिजिटल लायब्ररीत आता इतके व्हिडिओ आहेत की त्यांची यादी ठेवायला मला दुसरी यादी लागते. मुलं मोबाईलवर साचा तीन बाजूंनी फिरवून बघतात आणि जांभया देतात. मी त्यांना रागावत नाही. पण नवा व्हिडिओ वर चढवायच्या आधी मी तो एकदा एकटी बघते, आणि प्रत्येक वेळी माझ्या मानेवर तो श्वास असतो.

तर अभ्यास. यादी करायची सवय मला तेव्हाची. दिनदर्शिकेच्या पानांच्या मागे मी आखणी केली. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठीत उच्चार, तिसऱ्यात शेडमध्ये त्याला काय म्हणतात ते. रोज दहा शब्द. अण्णांची फर्स्ट शिफ्ट सुटली की चहा, मग पाच ते सात नानांचा कॅफे, परतताना वाटेत तोंडी परीक्षा. माऊस ते हातोड्यासारखा धरायचे. बाण पडद्याच्या बाहेर पळाला की टेबलाखाली वाकून बघायचे, आणि मी हसले की तेही हसायचे. तिसऱ्या आठवड्यात गायकवाडकाका दारात येऊन उभे राहिले. "काय दादा, पोरीकडं शिकवणी? फी काय घेती?" अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ये बस. तुलाबी पॅकिंगला जायचं नसंल तर." काका बसले. पुढच्या दिवशी ते पाचच्या आधीच येऊन स्टूल धरून बसले होते.

अडलं एकाच ठिकाणी. सीडीत सगळं मिलिमीटरमध्ये, अण्णांच्या डोक्यात सगळं कार्डांत. त्यांना साचा दिसायचा, आकडा दिसायचा नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी तक्ता करून देते. चाकणच्या पोस्टातून कोरं कार्ड आणलं, पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मायक्रोमीटरमध्ये धरलं, पाच जागी मोजलं, सरासरी काढली. मायक्रोमीटर म्हणजे कागदाची जाडीसुद्धा सांगणारं स्क्रूचं यंत्र. त्याचा स्क्रू जोरात आवळायचा नाही, कार्ड चेपतं, हे मला सरांनी शिकवलं होतं आणि ते मी काटेकोर पाळलं. एक कार्ड म्हणजे पाव मिलिमीटर. दोन कार्डं, तीन कार्डं, कार्ड अधिक पातं, सगळ्यांची बेरीज करून लाल शाईनं चौकट आखून दिली. इतका सुबक तक्ता मी आयुष्यात परत केला नसेल. अण्णांनी तो पाठ केला, आणि मला वाटलं झालं, मोहीम फत्ते.

परीक्षा गुरुवारी ठेवली होती, शेड रिकामी असते म्हणून. कॉम्प्युटरवर अण्णा सगळ्या सेटरांत पहिले आले. दुपारी मोठ्या ब्रॅकेटचा साचा लावायला सांगितला, त्यांचा रोजचा. त्यांनी तक्त्याप्रमाणे तीन कार्डांची पोलादी शिम मोजून सारली. पहिला नग बाहेर आला तो कोपऱ्यावर चिरलेला. दुसरा तसाच. हे सगळं मला काकांनी सांगितलं, कारण अण्णा घरी आले ते पाय धुऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पाठक साहेबांनी विचारलं म्हणे की हा आकडा आणला कुठून. अण्णांनी माझं नाव सांगितलं नाही. "माझाच हाय" एवढंच म्हणाले. साहेबांनी कॉम्प्युटरवरचे गुण पाहून त्यांना आणखी एक गुरुवार दिला. नंतर पॅकिंग.

माझा तक्ता मी शंभर वेळा तपासला. बेरीज बरोबर. मोजमाप बरोबर. पोस्टकार्ड तेच. मी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझं चुकलं नसंल. माझाच हात गेला आता." ते वाक्य मला नापास होण्यापेक्षा जास्त लागलं. ज्यांच्या हातावर सगळी शेड चालायची त्यांना माझ्या लाल चौकटीनं स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लावली होती.

शुक्रवारी पहाटे आई डबा भरत होती. मी शेजारी तक्ता घेऊन बसलेले. आईनं तव्यावरून भाकरी उतरवली, टम्म फुगलेली, आणि मी उगाच म्हटलं की अशा चार त्या कप्प्यात मावणार नाहीत. आई माझ्याकडे न बघता एकावर एक ठेवत गेली आणि तळव्यानं दाबत गेली. चारही बसल्या, वर चटणीला जागा उरली. "फुगलेली भाकर मोजून डबा भरती का कुणी?" ती म्हणाली. "दाबल्यावर किती राहती ते बघावं."

मी तशीच उठले. अण्णा दाढी करत होते. मी विचारलं, कार्ड साच्याखाली घातलं आणि प्रेस चालली की त्याचं काय होतं? त्यांचा हात गालावर थांबला. "चेपतं," ते म्हणाले. "कडक होतंय, पत्र्यासारखं." आणि शिम? ते फेस लागलेल्या गालानं माझ्याकडे वळले. शिम कशाला चेपेल, ती पोलाद. मी कार्ड मोजलं होतं हातात, नरम, कोरं, न दुखावता. ते काम करत होतं शंभर टनांच्या खाली. माझं पाव मिलिमीटर खरं होतं, पण ते पोस्टाच्या खिडकीवरचं होतं, साच्याखालचं नव्हतं; तेवढ्या जाड शिमेनं साचा जास्त वर उचलला गेला आणि पत्रा चिरला. अण्णा अर्ध्या दाढीनं हसायला लागले, आणि मी इतक्या जोरात नाचले की पलीकडून काकांनी भिंत वाजवली.

"कार्ड कुठलं घालता पण?" मी विचारलं. अण्णा जरा घुटमळले. "घरातलीच. पडलेली असतात." आईचा हात परातीत थांबला. घरात येणारी कार्डं एकाचीच होती, माझ्या मामाची. "माझ्या भावाची पत्रं तुम्ही मशीनखाली घालायलात?" अण्णा गडबडीनं म्हणाले, "उत्तर पाठवल्यावरच." आई त्यांच्याशी सोमवारपर्यंत बोलली नाही, पण डबा रोज भरला.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. पाठक साहेबांनी गेटवर माझं नाव लिहून घेतलं, मोठे बूट दिले. ज्या आवाजात मी वाढले तो आवाज करणारी यंत्रं मी पहिल्यांदा पाहिली, ती गप्प उभी असताना. दोन मजली उंच, तेलानं चमकणारी. अण्णांनी तीन नंबरच्या प्रेसवरच्या जुन्या साच्याखालून एक कार्ड ओढून काढलं. ते इस्त्री केल्यासारखं झालं होतं, नखानं वाजत होतं. अक्षर अजून दिसत होतं, 'इकडील सर्व मंडळी खुशाल'. मी पॉलिटेक्निकमधून मागून आणलेल्या मायक्रोमीटरला हात घातला, तर अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला. स्वतः धरलं, स्वतः वाचलं. कोऱ्या कार्डापेक्षा ते बरंच पातळ भरलं. मग त्यांनी माझ्या तक्त्याच्या मागच्या बाजूला स्वतः तिनानं गुणलं, ओठ हलवत, आणि तेवढी शिम मोजून मोठ्या ब्रॅकेटच्या साच्याखाली सारली.

पहिला नग बाहेर आला. अण्णांनी तो उचलला नाही. पाठक साहेबांनी उचलला, उजेडाकडे धरला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. दुसरा, तिसरा. मग त्यांनी फाइलवर सही केली आणि फाइल बाजूला ठेवून विचारलं, "हे कार्डाचं गणित कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. बाकीचे साचे असेच बसवलेत का? सगळे?" अण्णा म्हणाले, सगळे. "मग ते आपल्या लायब्ररीत यायला पाहिजे. नाहीतर तुम्ही गेल्यावर इथे प्रत्येक जण नग चिरत बसेल." आणि त्यांनी अण्णांच्या खिशाकडे पाहिलं.

मला वाटलं अण्णा आता हसून विषय टाळतील. सही झालेली होती, सेटरची जागा पक्की होती, आता कुणाला काही द्यायची गरज उरली नव्हती. त्यांनी आधी तेलाचे हात फडक्याला पुसले. मग त्यांनी खिशाचं बटण काढलं, डायरी काढली आणि ती साहेबांना न देता माझ्या हातात दिली. "ही लिहील," ते म्हणाले. "पण आकड्यापुढं एक रकाना जास्त पाहिजे. हातात मोजलं का दाबाखाली, ते लिहायचं." तो रकाना माझ्या आजच्या लायब्ररीतही आहे. 'कसं मोजलं' हे भरल्याशिवाय एकही आकडा वर चढत नाही, आणि नवीन आलेले इंजिनिअर माझ्या मागे त्यावरून कुरकुर करतात हे मला माहीत आहे.

डायरी मी नानांच्या कॉम्प्युटरवर उतरवली. त्याला पंधरा दिवस लागले. दर संध्याकाळी अण्णा शेजारी बसून कार्डांचे मिलिमीटर करत होते आणि नाना बॅटरी सांभाळत होते. सीडी तयार झाली ती पाठक साहेबांनी ई-लायब्ररीत घातली, अण्णांच्या नावानं. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत गायकवाडकाकांनी अण्णांचा रिकामा खिसा पाहिला. "दादा, डायरी हरवली का काय?"

"कॉम्प्युटरात हाय," अण्णा म्हणाले. "कुणीबी बघावी. तुझी कधी आणतूस?"

काकांनी म्हणे अर्धाच चहा घेतला. कप ठेवला आणि गेले. चार दिवस ते कॅफेत फिरकले नाहीत, भिंतही वाजवली नाही. गुरुवारी सकाळी आई साबुदाणा परतत होती, बाहेर सगळं शांत होतं आणि माठातलं पाणी आरशासारखं स्थिर. काका दारात आले. सुट्टीच्या दिवशी हातात जेवणाचा डबा. ते खाली बसले, डबा माझ्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत राहिले. मी वरचा कप्पा उघडला, रुमालाची गाठ सोडली. डायरीला आंब्याच्या लोणच्याचा वास येत होता.